पटलातली फट

छातीत जळजळ सुरू झाली की बोरी अरबात काय आणि दारव्ह्यात काय, पहिला इलाज घरातच होतो. कुणी थंड दूध पितं, कुणी ओवा-सैंधव चघळतं, कुणी ईनोची पुडी पाण्यात फसफसवून एका दमात संपवतं. त्यानं भागलं नाही तर मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्यांची पट्टी येते आणि एकीमागून दुसरी असं करता करता वर्ष उलटून जातं. ‘मले पित्ताचा तरास हाय’ एवढ्यावर प्रकरण मिटतं. ठेचा, तर्री, रिकाम्या पोटी घेतलेला चहा, उशिरा जेवून लगेच टेकलेली पाठ. दोष द्यायला बरंच काही असतं आणि तो दोष बहुतेकदा खोटाही नसतो.

पण वजन नव्वद-शंभर किलोंच्या पुढं गेलेल्या माणसाच्या जळजळीत खाण्यापिण्यापलीकडचंही काही असू शकतं. अशा कित्येकांच्या छाती-पोटाच्या मधल्या पडद्यात एक फट सैल झालेली असते आणि तिच्यातून जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असतो. हाच हायटस हर्निया. माणूस वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर येतो, तेव्हा ही फट शोधायची का, शिवायची का आणि ती सापडली म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकारच बदलायचा का, हे प्रश्न रुग्णाच्या पुढच्या वीस-तीस वर्षांच्या झोपेशी, जेवणाशी आणि काहींच्या बाबतीत जिवाशी जोडलेले आहेत. पुढची पानं याच प्रश्नांसाठी आहेत.

आधी शरीराची रचना. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा घुमट आहे. अन्ननलिका पोटात उतरते ती या पटलातल्या एका फटीतून, साधारण दहाव्या वक्षमणक्याच्या पातळीला. फटीच्या दोन्ही बाजूंना पटलाच्या स्नायूंचे दोन जाड पट्टे असतात. श्वास घेताना ते आवळतात आणि अन्ननलिकेला बाहेरून चिमटा बसतो. अन्ननलिकेच्या तळाशी तिची स्वतःची झडप असते, ती वेगळी. झडप आणि चिमटा एका जागी असले की जठरातलं आम्ल खाली राहतं. फट सैल पडून जठर वर सरकलं की दोघांची फारकत होते: झडप छातीत, चिमटा खाली. मग वाकलं तरी आंबट पाणी वर येतं आणि आडवं झालं तरी येतं.

बोरी अरब हे यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं गाव, मुलूख कापूस-तूर-सोयाबीनचा. वेचणीच्या दिवसांत कमरेला कापडाची झोळी बांधून बाया सकाळपासून वाकलेल्या असतात. झोळी भरत जाते तसा पोटावरचा ताण वाढतो. ज्या बाईची फट आधीच सैल आहे तिला वेचणीच्या महिन्यांत ‘पित्त’ वाढल्यासारखं वाटलं तर त्यात नवल नाही. तपासायला बसलेल्या डॉक्टरनं ‘मावशी, रात्री झोपल्यावर घशाशी येते का?’ एवढं विचारलं तरी उत्तर मिळतं: ‘येते न डॉक्टरसाहेब, दोन उश्या घेतल्याबिगर झोपच लागत नाही.’ दोन उशांची ही गोष्ट रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो, कारण तो आजार आहे असं त्याला वाटतच नाही.

लठ्ठपणाचा आणि या फटीचा संबंध सरळ आहे. पोटातली चरबी चोवीस तास वरच्या दिशेनं दाब देत राहते आणि छातीत प्रत्येक श्वासागणिक ओढ निर्माण होते. खालून रेटा, वरून ओढ, आणि मध्ये वर्षानुवर्षं ताणला जाणारा स्नायू. हायटस हर्नियाच्या साधारण ९५ टक्के रुग्णांत जठर असं वर-खाली घसरत राहतं. उरलेल्यांत जठराचा भाग अन्ननलिकेच्या शेजारून छातीत चढतो आणि तिथं पीळ पडला तर जीव धोक्यात येतो. मात्र छातीत दुखणारी प्रत्येक कळ हर्नियाची नसते. चालताना, जिना चढताना येणारी, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी, घाम फोडणारी कळ आधी हृदयाची समजायची आणि इसीजी काढायचा. पित्त म्हणून हृदयविकार अंगावर काढल्याची उदाहरणं आपल्याकडे गावोगावी आहेत.

या फटीचा आणि जळजळीचा नेमका संबंध इंग्लंडमधल्या फिलिप अ‍ॅलिसन या शल्यविशारदानं १९५१ मध्ये ठळकपणे मांडला. पाच वर्षांनी, १९५६ मध्ये, रुडॉल्फ निसेन यांनी आपल्या शस्त्रक्रियेचं वर्णन प्रसिद्ध केलं. जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तळाभोवती गुंडाळायचा आणि टाके घालून तिथं नवी झडप तयार करायची, ही त्यांची युक्ती. सत्तर वर्षांनंतरही जळजळीवरची ती मुख्य शस्त्रक्रिया आहे. पुढं सगळा गुंता जठराच्या याच फुगीर भागावरून होतो, म्हणून तो इथंच ध्यानात ठेवायला हवा.

महाराष्ट्रात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं दार मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उघडलं. ३१ मे १९९० रोजी डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी तिथं दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रिया याच वाटेनं पुढं आल्या, कारण शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाचं पोट वीतभर चिरण्यापेक्षा पाच छोटी छिद्रं पाडणं कितीतरी सुरक्षित. भारतातल्या लठ्ठपणाच्या शल्यविशारदांची ‘ओसी’ ही संघटना २००२ मधली. विदर्भातल्या सामान्य वाचकाला मात्र हा विषय कळला तो २०११ मध्ये, नागपूरच्या नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. त्यांनी ती लपवली नाही, हे फार बरं झालं. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं गेलं. मार्चमध्ये त्यांच्यावर जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि ‘बॅरिअ‍ॅट्रिक’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचं निधन झालं. या सगळ्या बातम्यांत किलोंचे आकडे मोठ्या टायपात छापले गेले. शस्त्रक्रियेनंतर माणूस जेवतो कसा, झोपतो कसा, त्याची अन्ननलिका पाच वर्षांनी कशी असते, याकडे वळायला कुणाला उसंत नव्हती.

आज जगात आणि भारतातही वजन उतरवण्यासाठी सर्वांत जास्त होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग स्टेपलरनं कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागात जठराचा तो वरचा फुगीर भाग पूर्णपणे जातो. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथंच तयार होतं, त्यामुळं भूक मंदावते. मधुमेह उताराला लागतो, गुडघे हलके होतात, घोरणं कमी होतं. स्लीव्हचे हे फायदे खरे आहेत आणि ते कुणी नाकारू नयेत.

पण त्या फुगीर भागाबरोबर निसेनच्या झडपेचं कापडही कचऱ्यात जातं. उद्या जळजळ असह्य झाली तरी अन्ननलिकेभोवती गुंडाळायला काही उरत नाही. शिवाय उरलेली नळी अरुंद असते आणि तिच्यातला दाब जास्त. वर फट सैल असेल तर दाबाखालचं आम्ल त्याच वाटेनं निघतं. कधी कधी ही नळीच घसरून छातीत शिरते. म्हणून स्लीव्ह करायची असेल तर फट त्याच वेळी, जठर कापण्याआधी, नीट पाहिली गेली पाहिजे. या पानांचा मुख्य आग्रह तोच आहे.

रोमच्या एका पथकानं २०१३ मध्ये स्लीव्ह झालेल्या ३७८ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात ९७ जणांचा हर्निया त्याच बैठकीत दुरुस्त केला होता. या ९७ पैकी ४२ जणांचाच हर्निया शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत कळला होता. उरलेल्या ५५ जणांचा थेट टेबलावर, पटलापाशी जाऊन पाहिल्यावर सापडला. म्हणजे निम्म्याहून जास्त फटी आधीच्या अहवालांत नव्हत्याच. ज्यांना आधी जळजळ नव्हती आणि ज्यांची फक्त स्लीव्ह झाली, अशांपैकी २२.९ टक्के लोकांना ती नव्यानं सुरू झाली. फट शिवलेल्यांपैकी एकालाही झाली नाही. आकडे बोलके आहेत, पण यावर सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. इटलीतल्याच दुसऱ्या एका पथकाला २०१४ मध्ये दिसलं की फट शिवूनही जळजळीत फारसा फरक पडला नाही. त्यामुळं ‘टाका घातला की जळजळ गेली’ अशी हमी कुणी देऊ लागलं तर रुग्णानं सावध व्हावं.

टेबलावर नेमकं काय घडतं? भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. यकृताचा डावा भाग आकडीनं वर उचलतात आणि मग अन्ननलिका जिथं पटलातून उतरते ती जागा पडद्यावर येते. लठ्ठ माणसात तिथं पिवळी चरबी इतकी दाटलेली असते की फट आहे की नाही हे वरवर कळत नाही. कधी समोरच्या बाजूला नुसती एक खळी दिसते. ती दिसली की चरबी बाजूला सारून उजवा आणि डावा पट्टा मोकळा करायचा, छातीत गेलेलं जठर हलक्या हातानं खाली ओढायचं, आणि अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटीमीटर भाग कसलाही ताण न देता पोटात राहील इतकी ती सोडवायची. हे काम घाईचं नाही. शेजारी महाधमनी आहे, फुप्फुसाचं आवरण आहे, प्लीहा आहे, आणि अन्ननलिकेला चिकटून जठराकडे जाणाऱ्या नसा आहेत. फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडलं तर पोटातला वायू छातीत जातो आणि भूलतज्ज्ञाची धावपळ सुरू होते.

मग टाके. न विरघळणाऱ्या जाड धाग्यानं दोन्ही पट्टे अन्ननलिकेच्या मागच्या बाजूनं जवळ आणतात. बहुतेकदा दोन-तीन टाके पुरतात. तोंडातून ३६ ते ४० फ्रेंच मापाची, म्हणजे सुमारे १२ ते १३ मिलिमीटर जाडीची नळी जठरात सोडलेली असते, तिच्या अंदाजानं किती आवळायचं ते ठरतं. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवताना जसा हाताला अंदाज लागतो, तसाच इथं लागतो: सैल राहिलं तर फट पुन्हा उघडेल, जास्त आवळलं तर पोळीचा घासही खाली उतरणार नाही. मोठी फट असेल तर काही शल्यविशारद जाळी बसवतात. ती पुढं अन्ननलिकेत रुतण्याचा धोका असतो, म्हणून जाळीवरून शल्यविशारदांमध्ये अजून दुमत आहे. एवढं झाल्यावरच स्टेपलर जठराला लागतो. क्रम उलटा झाला, आधी नळी कापली आणि मग फट लक्षात आली, तर जठराचा काही भाग वर छातीतच न कापता राहून जाऊ शकतो.

जिथं जळजळ जुनी आणि तीव्र आहे, अन्ननलिकेला व्रण पडलेले आहेत किंवा फट मोठी आहे, तिथं स्लीव्हचा नाद सोडून बायपास करावी असं आता बरेच अनुभवी शल्यविशारद सांगतात. बायपासमध्ये अन्ननलिकेखाली साधारण ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी ठेवून ती थेट आतड्याला जोडतात. पिशवीत आम्ल थोडंच तयार होतं आणि पित्तरस बऱ्याच खाली मिसळतो, त्यामुळं वर येण्यासारखं फारसं काही राहत नाही. फिनलंडमध्ये २००८ ते २०१० या काळात २४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून अर्ध्यांची स्लीव्ह आणि अर्ध्यांची बायपास केली. दहा वर्षांनंतरचा अहवाल २०२२ मध्ये आला: अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७ टक्के. स्वित्झर्लंडमधल्या २१७ रुग्णांच्या अशाच अभ्यासात, ज्यांना आधीपासून जळजळ होती त्यांच्यापैकी स्लीव्हनंतर ३१.८ टक्के लोकांची ती वाढली, बायपासनंतर ६.३ टक्के लोकांची. बायपासची किंमतही आहे. लोह, कॅल्शियम, ब-१२ आयुष्यभर घ्यावं लागतं आणि बाजूला टाकलेलं जठर पुन्हा नेहमीच्या एंडोस्कोपीनं पाहता येत नाही. आपल्याकडे ‘मिनी बायपास’ही खूप होते. ती सोपी, झटपट. पण तिच्यात पित्तरस वर येण्याची शक्यता राहते. हर्नियाच्या रुग्णानं ती निवडताना हे समजून घेतलंच पाहिजे.

शस्त्रक्रिया कुणाची करायची, याचे निकष ठरलेले आहेत. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमतानं मांडलेल्या निकषांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, ३७.५ च्या पुढं, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ च्या पुढं, असं म्हटलं होतं. १५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईच्या हिशेबात हे सुमारे ९० आणि ७८ किलो होतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी या रेषा आणखी खाली आणल्या. विम्याची रेषा मात्र वर आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह असा आजार, असं असेल तरच खर्च मिळू शकतो. त्याच बाईला म्हणजे ९६ किंवा ८४ किलो गाठावे लागतात. डॉक्टर म्हणतो करा, विमा म्हणतो अजून वाढा. यात रुग्णाची परवड होते आणि ती थांबायला हवी. शिवाय कित्येक पॉलिसींत हर्नियासाठी वेगळा प्रतीक्षाकाळ लिहिलेला असतो. एकाच बैठकीत दोन्ही कामं होणार असतील तर पूर्वमंजुरीच्या अर्जात दोन्हींचा उल्लेख आहे का, ते आधी पाहिलेलं बरं.

बोरी अरबच्या माणसासाठी खरी अडचण शस्त्रक्रियेनंतरची आहे. दाखवायला तो यवतमाळला जातो, तिथून सावंगी मेघे, सेवाग्राम, नागपूर. पैशांची सोय झाली तर पुणे-मुंबई. शस्त्रक्रिया होते, वजन झरझर उतरतं, गावात कौतुक होतं. फेरतपासणीसाठी मात्र दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि सोबत कुणीतरी, एवढं जुळवावं लागतं. जळजळ नसेल तर माणूस जात नाही. पण अन्ननलिकेचं नुकसान जळजळीशिवायही होऊ शकतं. सतत आम्ल लागून अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात, आणि तिथून काही थोड्या लोकांत कर्करोगापर्यंत मजल जाते. इटलीतल्या ११० रुग्णांच्या एका अभ्यासात स्लीव्हनंतर सुमारे पाच वर्षांनी १७.२ टक्के लोकांत बॅरेट आढळला. फिनलंडच्या दहा वर्षांच्या अभ्यासात तो दोन्ही गटांत ४ टक्केच होता. आकड्यांत एवढी तफावत असताना डोळ्यांनी पाहणं हाच मार्ग. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं स्लीव्ह आणि मिनी बायपासनंतर एका वर्षानं आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपी सुचवली आहे, त्रास असो वा नसो. त्यासाठी नागपूर-मुंबई गाठायची गरज नाही; एंडोस्कोपी यवतमाळातही होते.

पहिले काही आठवडे टाके कच्चे असतात. जोराची उलटी, खोकल्याची उबळ, बद्धकोष्ठतेतला जोर, पाण्यानं भरलेली घागर, कापसाचं गाठोडं, यांतलं काहीही टाका ओढून काढू शकतं. म्हणून सुरुवातीला पातळ, मग मऊ, मग नेहमीचं, असं जेवण हळूहळू वाढवतात. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांना घरच्यांनीच थांबवायला हवं. उलट्या थांबत नसतील तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सततच्या उलट्यांनी ब-१ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा फटका थेट मेंदूला बसतो.

एक कागद मात्र घरात जपून ठेवायलाच हवा: ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्डवर बहुधा एवढंच असतं की स्लीव्ह झाली. फट होती का, किती सेंटीमीटरची होती, पुढून शिवली की मागून, किती टाके, जाळी बसवली की नाही, आत कितव्या मापाची नळी घातली होती, हे सगळं ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं आणि रुग्णानं मागितलं तर रुग्णालयाला ते द्यावं लागतं. पाच वर्षांनी यवतमाळातला एखादा डॉक्टर एंडोस्कोपी करताना छातीत सरकलेली जठराची नळी पाहील, तेव्हा फट मुळात दुरुस्त झाली होती की नाही हे त्याला त्या कागदावरूनच समजेल, आणि पुढं टाके घालायचे, बायपास करायची की गोळ्यांवर भागवायचं, हे त्यावर ठरेल.